‘कीप डाउन’ म्हणजे खाली ठेवणं नव्हे

*मॅडम, मी मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात सहा वर्षं स्टाफ नर्स आहे. गाव जत तालुक्यात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा. इंग्लंडला जायचं म्हणून ओईटी, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिली. वाचन आणि लेखन निघालं, ऐकणं आणि बोलणं लागणाऱ्या ३५० गुणांना कमी पडलं. फ्रेजल व्हर्बचं, म्हणजे ‘गिव्ह अप’सारख्या जोडक्रियापदांचं, एक पुस्तक पाठ करून गेले होते, हजारभर तरी असतील. रोल प्लेमध्ये पेशंट झालेल्या बाई म्हणाल्या, ‘आय कान्ट कीप एनीथिंग डाउन.’ मला वाटलं, त्यांना वाकून काही खाली ठेवता येत नाही. मी कंबरेबद्दल विचारत बसले. त्या उलट्यांबद्दल सांगत होत्या हे बाहेर आल्यावर मैत्रिणीकडून कळलं. क्लासचे सर म्हणतात, जास्तीत जास्त इडियम वापरा, त्याने मार्क वाढतात. रोज पन्नास पाठ करायला सांगितलेत. नाइट ड्युटीवरून आल्यावर पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुसून गेलेलं असतं. माझं डोकंच या भाषेचं नाही का? किती पाठ करू, कोणतं पुस्तक घेऊ आणि परीक्षा पुन्हा कधी देऊ, एवढं सांगा.*

प्रिय सिस्टर,

ते हजार क्रियापदांचं पुस्तक आजच कपाटात ठेवून द्या, आणि रोजची पन्नासची घोकंपट्टीही थांबवा. तुमच्या डोक्यात काही खोट नाही. सहा वर्षं वॉर्ड सांभाळणारी, रात्रपाळी करून अभ्यास करणारी, परक्या भाषेत पेशंटबद्दलचं पत्र लिहून त्यात पास होणारी बाई ‘माझं डोकंच या भाषेचं नाही का’ असं विचारते, तेव्हा मला वाईट वाटतं. आणि ज्या पद्धतीने तुम्हाला शिकवलं जातंय तिचा रागही येतो.

परीक्षेच्या खोलीत काय झालं ते आधी पाहू. ‘कीप’ तुम्हाला येत होतं, ‘एनीथिंग’ येत होतं, ‘डाउन’ येत होतं. तिन्हींचे अर्थ जोडून तुम्ही निष्कर्ष काढला, आणि नर्सच्या सवयीप्रमाणे लगेच कंबरेपर्यंत पोहोचलात. आता हेच वाक्य जतच्या एखाद्या आजींच्या तोंडी घाला. ‘सिस्टर, पोटात काय ठरंनाच बघा.’ तुम्ही क्षणभरही न थांबता ओआरएस हातात घेतला असता. ‘ठरणे’ म्हणजे निश्चित होणे, लग्न ठरणे, दर ठरणे. पोटात ठरणे हा अर्थ तुम्ही कोणत्या यादीतून पाठ केला होता? पोट, अन्न आणि ‘ठरत नाही’ हे तुम्ही लहानपणापासून एकत्रच ऐकलं, म्हणून ते एकत्रच डोक्यात बसलं. इंग्रजीतही ते तसंच बसवायचं आहे. या पत्रात मी जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीबद्दल आहे.

आपण शाळेत आणि नर्सिंगच्या कॉलेजात जी इंग्रजी शिकतो ती पुस्तकातली आहे. ‘व्हॉमिट’, ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘कन्टिन्यू’ हे शब्द आपल्याला सोपे वाटतात आणि ‘थ्रो अप’, ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘कॅरी ऑन’ अवघड वाटतात. इंग्रज घरात मूल आधी दुसऱ्या प्रकारचे शब्द शिकतं. याला इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या काही शतकांत दरबार, न्याय, धर्म, विद्या यांची भाषा फ्रेंच आणि लॅटिन राहिली. स्वयंपाकघर, शेत, गोठा, आजारपण, बाळंतपण यांची भाषा मात्र जुनी देशी इंग्रजीच होती: लहान लहान क्रियापदं, आणि त्यांना जोडलेले ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’. वैद्यकशास्त्र तर बहुतेक लॅटिन आणि ग्रीक शब्दांवरच उभं आहे. त्यामुळे ‘सिन्कोपी’, म्हणजे बेशुद्ध पडणं, तुम्हाला कळतं आणि ‘आय पास्ड आउट इन द किचन’ कळत नाही. पेशंट मात्र घाबरलेला असतो, दुखत असतं, रात्रीचे तीन वाजलेले असतात. अशा वेळी तो घरातलीच भाषा बोलणार. तुमच्या वॉर्डातले पेशंटसुद्धा ‘मला मूर्च्छा आली’ असं म्हणत नाहीत, ‘चक्कर येऊन पडलो’ म्हणतात.

हा त्रास परक्या माणसाला होतो हे खुद्द इंग्रजांनी कबूल केलेलं आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा शब्दकोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहिलं की क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची जी आमची पद्धत आहे ती परदेशी माणसाला सर्वांत जड जाते. म्हणजे अडचण तुमच्या डोक्याची नाही.

शब्दांच्या जोड्या, ज्याला तुमच्या क्लासमध्ये कोलोकेशन म्हणत असतील, त्या कशा काम करतात हे पाहायला इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही. आपल्याला ताप येतो, पण सर्दी होते. भूक लागते, झोप येते. चक्कर येते, जुलाब होतात, ठसका लागतो, पायाला मुंग्या येतात, अंगावर पुरळ उठतं. कोणी ‘मला ताप लागला आणि भूक झाली’ म्हणालं तर अर्थ कळेल, पण हा माणूस बाहेरचा आहे हेही त्याच क्षणी कळेल. ‘ताप येतो’ आणि ‘सर्दी होते’ असं का, याला शाळेत शिकवण्याजोगा काही नियम नाही. तुमच्यासोबत केरळहून आलेल्या नर्स काम करत असतील तर त्यांना विचारा, मराठी कशी शिकलात म्हणून. ‘कणकण’, ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरतोय’, ‘तोंडाला चव नाही’, ‘पोट साफ होत नाही’ हे त्यांनी कुठल्या पुस्तकातून पाठ केलेलं नसतं. खाटेशेजारी उभं राहून, पेशंटचा हात पोटावर कुठे आहे हे बघत, त्या ते शिकलेल्या असतात. त्यांनी मराठीत जे केलं तेच तुम्हाला इंग्रजीत करायचं आहे. फरक इतकाच की इंग्रज पेशंट मिरजेच्या वॉर्डात नसल्यामुळे ते प्रसंग थोडे मुद्दाम तयार करावे लागतील.

जे. आर. फर्थ नावाचे एक भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. १९२० च्या दशकात ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, नंतर लंडनला गेले. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असं त्यांनी १९५७ साली लिहिलं. तुम्ही एकेकटा शब्द पाठ करत होता, म्हणून दुसऱ्या दिवशी तो ओळख देत नव्हता.

यादी का टिकत नाही, याचं आणखी एक कारण आहे. अशा पुस्तकांत ‘गेट’ची एकदम तीस रूपं दिलेली असतात: गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे, गेट थ्रू. एकाच दिवशी, एकाखाली एक. सगळी दिसायला सारखी. नर्सिंगमध्ये तुम्हाला हे चांगलं माहीत आहे: सारख्या नावाची, सारख्या वेष्टनाची दोन औषधं एकाच खणात शेजारी शेजारी ठेवू नयेत. क्रियापदांचंही तेच आहे. ‘गेट ओव्हर’ शिकायचं असेल तर ते न्यूमोनियातून उठलेल्या माणसासोबत शिका. ‘इट टुक मी अ मंथ टू गेट ओव्हर इट.’ ‘गेट बाय’ची गाठ दुसऱ्या कुठल्या दिवशी, दुसऱ्या माणसाच्या गोष्टीत पडेल.

आता तुमच्या कामाचा भाग. शरीराबद्दल बोलताना हे छोटे शब्द बऱ्याचदा मराठीच्या जवळून जातात, आणि याचा फायदा घेतला पाहिजे. आपल्याकडे ताप चढतो आणि उतरतो. सूज उतरते, भूलही उतरते. इंग्रजीत ‘द फीव्हर हॅज कम डाउन’, ‘द स्वेलिंग हॅज गॉन डाउन’. दोन्हीकडे खाली जाणं म्हणजे कमी होणं. भुलीसाठी आणि वेदनाशामकासाठी त्यांचा शब्द ‘वेअर ऑफ’: ‘द इंजेक्शन इज वेअरिंग ऑफ’, म्हणजे असर उतरत चालला आहे, आता दुखायला लागेल. हे वाक्य शस्त्रक्रियेनंतरच्या खोलीत तुम्हाला दिवसातून कितीदा तरी ऐकू येईल. शुद्धीवर येणं म्हणजे ‘कम राउंड’. ‘हॅज शी कम राउंड येट?’ असं नातेवाईक विचारतात, तेव्हा ती कुठून फिरून आली का असं ते विचारत नसतात.

‘अप’चं पाहा. पोटातून किंवा छातीतून जे वर येतं ते सगळं ‘अप’: थ्रो अप, ब्रिंग अप, कफ अप. आजार पुन्हा उसळला की ‘फ्लेअर अप’. काही पूर्ण संपलं, मोकळं झालं की तिथेही ‘अप’ येतो: ‘ड्रिंक अप’ म्हणजे सगळं पिऊन टाका, ‘द रॅश क्लिअर्ड अप’ म्हणजे पुरळ पूर्ण गेलं. ‘पिऊन टाका’मधलं ‘टाका’ जे काम करतं तेच काम इथे ‘अप’ करतो. मात्र याला नियम समजून बसू नका. ‘माय नी इज प्लेइंग अप’ म्हणजे गुडघा त्रास देतोय, आणि ‘ब्रिंग अप’ तर तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतं. ‘आय ब्रॉट अप माय ब्रेकफास्ट’ म्हणजे सकाळचं खाल्लेलं पडलं. ‘आय वॉज ब्रॉट अप इन लीड्स’ म्हणजे मी लीड्समध्ये लहानाची मोठी झाले. ‘शी ब्रॉट अप द बायॉप्सी’ म्हणजे तिने बायॉप्सीचा विषय काढला. सुटं ‘ब्रिंग अप’ समोर आलं तर कोणालाही सांगता येणार नाही. न्याहारी, लीड्स, बायॉप्सी हे शेजारी आले की चूक व्हायला जागाच उरत नाही. म्हणून अर्थ पाठ करू नका, शेजारी पाठ करा.

सल्ला देताना एक फरक नीट सांभाळा. ‘कट डाउन ऑन स्मोकिंग’ म्हणजे सिगारेट कमी करा, ‘गिव्ह अप स्मोकिंग’ म्हणजे सोडा. रोल प्लेमध्ये हा प्रसंग येऊ शकतो आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

तुमचं ऐकणं अडकलं याचं कारण फक्त शब्द माहीत नसणं असेल असं मला वाटत नाही. माहीत असलेलेही तुमच्या कानाने पकडले नसतील. आपण प्रत्येक शब्द सुटा, सारख्या वजनाने वाचायला शिकलेलो असतो. इंग्रज ‘टेक इट ऑफ’ हे ‘टेकिटॉफ’ असं एका दमात म्हणतो आणि जोर शेवटच्या ‘ऑफ’वर देतो. फ्रेजल व्हर्बमध्ये बहुधा असंच होतं, छोट्या शब्दावर जोर पडतो. ‘लुक ॲट इट’मध्ये तसं नसतं, तिथे जोर ‘लुक’वर असतो आणि ‘ॲट’ जवळपास गिळला जातो. त्यामुळे नवीन वाक्य शिकताना ते आधी ऐका, मग मोठ्याने म्हणा, मग लिहा. ‘पुटिट ऑन’, ‘टेकिट आउट’, ‘कफिट अप’. तुमचं तोंड जे जोडून बोलू शकतं ते तुमचा कान जोडलेलं ओळखतो. नाइट ड्युटीवरून घरी येताना बसमध्ये कानात हेडफोन लावून हे होऊ शकतं. पुस्तक उघडायची ताकद नसते तेव्हासुद्धा.

तेवढ्यातच एक छोटी गोष्ट. ‘टेक ऑफ युअर शर्ट’ आणि ‘टेक युअर शर्ट ऑफ’ दोन्ही चालतात, पण ‘इट’ आला की तो मध्येच बसतो: ‘टेक इट ऑफ’. ‘टेक ऑफ इट’ होत नाही. ‘लुक आफ्टर’सारखी काही क्रियापदं मात्र सुटत नाहीत, ‘लुक आफ्टर हर’ असंच म्हणायचं. वाक्य अख्खं पाठ असेल तर हा नियम आठवावाच लागत नाही.

जोड्यांच्या बाबतीत तुम्ही समजता त्यापेक्षा खूप पुढे आहात. रक्त घेणे, ‘टेक ब्लड’. इंजेक्शन देणे, ‘गिव्ह ॲन इंजेक्शन’. ड्रेसिंग बदलणे, ‘चेंज द ड्रेसिंग’. इथे मराठी आणि इंग्रजी एकाच वाटेने चालतात, त्यावर वेळ घालवू नका. वाटा फुटतात तिथे थांबा. आपण गोळी खातो, ते ‘टेक’ करतात. आपण सलाईन लावतो, ते पेशंटला ‘पुट ऑन अ ड्रिप’ करतात. तिथल्या पेशंटला ‘सलाईन’ म्हटलं तर बहुधा कळणार नाही. आपण टाके काढतो, ते ‘टेक द स्टिचेस आउट’. आपण परीक्षा देतो, ते ‘टेक’ करतात किंवा ‘सिट’. ‘गिव्ह ॲन एक्झाम’ म्हटलं तर तुम्ही परीक्षक आहात असा समज होईल.

काही गोष्टी इंग्रजी म्हणूनच आपल्याकडे रुळलेल्या आहेत आणि तिकडे त्यांचा अर्थ वेगळा आहे. मुलाखतीत ‘आय पास्ड आउट इन २०१८’ म्हणू नका, तिथे त्याचा अर्थ ‘२०१८ साली मी बेशुद्ध पडले’ असा होईल. ‘आय क्वालिफाइड इन २०१८’ म्हणा. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ काढून टाका, ‘कोप विथ’ एवढंच आहे. फ्रेजल व्हर्ब वापरायच्या हौसेने तो आपल्याकडे चिकटलेला आहे. सर्वांत धोक्याचा शब्द ‘सिक’. ‘आय वॉज सिक ट्वाइस लास्ट नाइट’ असं इंग्लंडमधला पेशंट म्हणाला तर त्याला रात्री दोनदा उलटी झाली. तुम्ही ‘आजारी होतो’ असं समजून नोंद केलीत तर चार्ट चुकेल. आणि ‘सिस्टर’ ही तिथे वॉर्ड सांभाळणाऱ्या वरिष्ठ नर्सची जागा आहे, तेव्हा स्वतःची ओळख करून देताना ‘नर्स’ म्हणा. मी मात्र तुम्हाला सिस्टरच म्हणणार.

आता तुमच्या सरांचा सल्ला. जास्तीत जास्त इडियम वापरा, हे मला अजिबात मान्य नाही. ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत उच्चार, ओघ, व्याकरण यांच्यासोबत भाषा प्रसंगाला शोभते की नाही हे पाहिलं जातं. त्याशिवाय पेशंटशी नातं जोडणं, त्याची बाजू समजून घेणं, माहिती काढून घेणं, माहिती नीट देणं यांना वेगळे गुण आहेत. इडियमला वेगळे गुण नाहीत. इडियमच्या याद्यांत मरणासाठी ‘किक द बकेट’ हमखास दिलेलं असतं. नुकत्याच गेलेल्या माणसाच्या मुलीसमोर हे तीन शब्द उच्चारले गेले तर ती जखम तिच्या मनातून जाणार नाही. नातेवाइकांशी बोलताना तिथल्या नर्सना गोलमोल शब्द टाळून, हळुवारपणे पण स्पष्ट ‘डाइड’ म्हणायला शिकवतात, कारण ‘वुई लॉस्ट हिम’ हेसुद्धा धक्क्यातल्या माणसाला नीट कळत नाही. मग पाठ केलेला इडियम तिथे काय कामाचा?

ओळखू मात्र बरेच आले पाहिजेत. बोलायचे थोडे, कळायचे पुष्कळ, हा हिशेब ठेवा. ‘अंडर द वेदर’, ‘आउट ऑफ सॉर्ट्स’, ‘ऑफ कलर’ हे तिन्ही म्हणजे आपलं ‘बरं वाटत नाही’, थोड्याफार फरकाने. ‘ऑफ माय फूड’ म्हणजे अन्नावरची वासना उडालीय. ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणजे मुंग्या. ‘ऑन द मेंड’ म्हणजे सुधारतोय. ‘टच अँड गो’ म्हणजे काही सांगता येत नाही, दोन्हीकडे झुकू शकतं. वयस्कर माणसं लघवीच्या तक्रारीला ‘वॉटरवर्क्स’ म्हणतात, तेव्हा पाणीपुरवठ्याचा विचार करू नका. आपल्याकडच्या आजी ‘बाहेर जाऊन आले’ म्हणतात, त्यातलाच तो संकोच आहे.

कितीही तयारी केली तरी न कळणारं काहीतरी येणारच. ग्लासगोतल्या पेशंटने ‘आय फील पीली-वॉली’ म्हटलं, म्हणजे निस्तेज, मलूल वाटतंय, तर लंडनहून आलेल्या नर्सलाही विचारावं लागेल. म्हणून एक वाक्य तुमच्या जिभेवर हवंच: ‘सॉरी, व्हेन यू से यू कान्ट कीप एनीथिंग डाउन, डू यू मीन यू आर बीइंग सिक?’ किंवा अंदाजही नसेल तर, ‘कुड यू टेल मी अ बिट मोअर अबाउट दॅट?’ विचारणं हा कमीपणा नाही. पेशंटच्या बोलण्याचा खुलासा करून घेणं हे माहिती काढण्याचाच भाग आहे आणि परीक्षक तेही बघतो. त्या दिवशी तुम्ही कंबरेच्या प्रश्नांआधी हे एक वाक्य विचारलं असतं तर पुढचा सगळा रोल प्ले वेगळा झाला असता. परीक्षेपेक्षाही हे वॉर्डात महत्त्वाचं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही विचारलंत, पुस्तक कोणतं. कोणतंही नवं घेऊ नका. एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर आजारांची माहिती पेशंटसाठी मोफत दिलेली आहे, आणि ती मुद्दाम घरगुती इंग्रजीत लिहिलेली आहे; लघवीला ‘पी’ आणि शौचाला ‘पू’ असं सरळ लिहितात, कारण ते सगळ्यांना कळतं. तुम्हाला हवी ती भाषा तिथे आहे. आठवड्याला एक आजार घ्या, जो त्या आठवड्यात तुमच्या वॉर्डात खरोखर आहे. दमा असेल तर दमा. आजार तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे अर्थ शोधायला डोकं खर्च होत नाही. फक्त ते कसं म्हणतात तेवढं बघायचं. सोबत शिकणाऱ्यांसाठी केलेला एखादा इंग्रजी-इंग्रजी ऑनलाइन शब्दकोश ठेवा आणि त्यातली उदाहरणाची वाक्यं वाचा, अर्थ नंतर.

वहीत शब्द आणि अर्थ अशा दोन रांगा आखू नका. पेशंट लिहा. ‘बेड नंबर चार, साठ वर्षांचे काका, रात्रीपासून धाप’, आणि खाली ते इंग्लंडमध्ये असते तर काय म्हणाले असते: ‘इट केम ऑन सडनली’, ‘आय वोक अप गॅस्पिंग’, ‘माय इनहेलर हॅज रन आउट’. नाव अर्थातच लिहायचं नाही. एका पेशंटमागे तीन-चार वाक्यं, आठवड्याला दहा-पंधरा. याहून जास्त नको. हे कमी वाटत असेल तर एक माहिती देते: २००७ साली डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या दोन अभ्यासकांनी ब्रिटिश इंग्रजीच्या दहा कोटी शब्दांच्या संग्रहात फ्रेजल व्हर्ब मोजली. फक्त वीस क्रियापदं आणि आठ छोटे शब्द यांच्या जोड्यांनी एकूण वापराचा निम्म्याहून जास्त भाग व्यापला होता. गो, कम, टेक, गेट, पुट, ब्रिंग अशीच ती क्रियापदं आहेत. तुमच्या पुस्तकातली हजार सगळी सारख्या महत्त्वाची नाहीत, आणि जी खरोखर लागतात ती दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा पुन्हा समोर यायला लागतील. तशी ती आली की आनंदाने खूण करा.

परीक्षेची तारीख आत्ताच घेऊ नका. फी थोडीथोडकी नाही, आणि तुमच्या पगारातून ती कशी निघते याची मला कल्पना आहे. आधी त्या मैत्रिणीला बसवा जिने तुम्हाला बाहेर आल्यावर अर्थ सांगितला. आठवड्यातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, एकदा तिने पेशंट व्हायचं, एकदा तुम्ही. पेशंट होणारीने घरातल्या भाषेतच बोलायचं, वैद्यकीय शब्द वापरायचा नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नंतर ऐका: कुठे कळलं नाही आणि तरी न विचारता पुढे गेलात, ती जागा शोधा. अशा जागा सलग चार-पाच बैठकींत सापडल्या नाहीत की अर्ज भरा. वाचन आणि लेखनाचे आधीचे गुण धरले जातात का आणि किती महिने, हे तिथे नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या दिवशीच पाहून घ्या, क्लासमधल्या ऐकीव माहितीवर जाऊ नका; हे नियम बदलत असतात.

पहिली दहा वाक्यं लिहून झाली की मला पाठवा, मी तपासून देते.